टिप्परच्या गिअरबॉक्सला तापमानाचा काटा बसवताना

गोव्यातल्या मोलेहून अनमोड घाट चढणाऱ्या भरल्या टिप्परचं इंजिन तापलं, तर डॅशबोर्डवरचा काटा लगेच सांगतो. गिअरबॉक्समधलं ऑइल तापलं, तर बहुतेक गाड्यांत ते सांगणारं काहीच नसतं. वास यायला लागतो किंवा गिअर अडकायला लागतो, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून वेगळा काटा बसवायचा. काम एका दिवसाचं आहे. मात्र सेन्सर कुठे बसवला यावर त्याची सगळी किंमत ठरते. चुकीच्या जागी बसवलेला काटा ड्रायव्हरला खोटा धीर देतो, आणि त्यापेक्षा काटा नसलेला बरा.

खाली मुख्यतः मॅन्युअल गिअरबॉक्सच्या सहा आणि दहा चाकी टिप्परचा विचार केला आहे, कारण डिचोली, सांगे, धारबांदोडा पट्ट्यात चालणाऱ्या गाड्या बहुतेक तशाच आहेत. ऑटोमॅटिक पिकअपचं गणित वेगळं आहे, ते शेवटी दिलं आहे.

ऑइल तापतं कशामुळे

गिअरबॉक्सला रेडिएटर नसतो. आतली उष्णता ऑइलमधून केसिंगला जाते आणि केसिंगवरून वाहणारी हवा ती नेते. घाटात ताशी 15-20 किलोमीटरने, इंजिनचे फेरे जास्त ठेवून, भरलेली गाडी चढते तेव्हा दात पूर्ण ताकदीने एकमेकांवर दाबले जातात आणि खालून हवा जवळजवळ लागतच नाही. त्यात सायलेन्सरचा पाइप केसिंगला खेटून गेलेला असेल, किंवा केसिंगवर तांबड्या चिखलाचा बोटभर थर सुकून बसला असेल, तर उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही. पावसाळ्यात खाणीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स आधी धुऊन बघा. काही वेळा तेवढ्यानेच फरक पडतो.

ऑइल कमी असेल तर गाडी तापते हे सगळ्यांना ठाऊक आहे. जास्त भरलं तरी तापते, हे पुष्कळदा लक्षात येत नाही. पातळी वर गेली की गिअर ऑइल घुसळत राहतात, फेस होतो, आणि फेसाळलेलं ऑइल वंगणही नीट करत नाही, उष्णताही वाहून नेत नाही.

ऑइलच्या तापमानाची मर्यादा म्हणून 120 अंश सेल्सियस हा आकडा लक्षात ठेवा. ईटनसारखे मोठ्या ट्रकचे गिअरबॉक्स बनवणारेही सतत 120 च्या वर चालवू नका असंच सांगतात. त्यापुढे खनिज ऑइल झपाट्याने काळवंडतं, सीलचं रबर कडक होतं, आणि पातळ झालेला ऑइलचा थर बेअरिंगला पुरत नाही.

काय विकत घ्यायचं

आधी गाडीत काय आहे ते बघा. नव्या बीएस-6 गाड्यांत, विशेषतः ऑटोमेटेड गिअर असलेल्यांत, ऑइलचं तापमान मोजणारा सेन्सर आधीच बसवलेला असू शकतो आणि ते तापमान डॅशबोर्डच्या मेनूत दिसतं. दिसत असेल तर वेगळा काटा लागत नाही.

जड टिप्परची वायरिंग 24 व्होल्टची असते. पिकअप आणि बऱ्याच लहान गाड्या 12 व्होल्टच्या. काटा त्याच व्होल्टेजचा घ्या. 12 व्होल्टचा काटा स्वस्तात मिळाला म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार काढणं ही जुनी खोड आहे. त्यात एक बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर जातात.

काटा आणि सेन्सर एकाच जोडीचे हवेत. सेन्सर म्हणजे उष्णतेने प्रतिकार बदलणारा तुकडा. तापमान वाढलं की त्याचे ओहम कमी होतात, आणि काटा ते ओहम वाचून अंश दाखवतो. व्हीडीओ (VDO, काटे बनवणारी कंपनी) पद्धतीचा 40 ते 120 अंशांचा सेन्सर साधारण 290 ओहमवरून 22 ओहमपर्यंत उतरतो. 50 ते 150 अंशांचा सेन्सर साधारण 320 वरून 18 पर्यंत. टोकांचे आकडे जवळ दिसतात, पण मधली वाट वेगळी आहे. 120 च्या काट्याला 150 चा सेन्सर जोडला, तर ऑइल खरोखर 100 अंशांवर असताना काटा 85 च्या आसपास थांबतो. ड्रायव्हर निर्धास्त राहतो आणि ऑइल जळत असतं.

गिअरबॉक्ससाठी 50 ते 150 चीच जोडी घ्या. 120 ला संपणारा काटा नेमका धोका सुरू होतो तिथेच टेकतो, पुढे किती गेलं ते कळत नाही.

सेन्सरच्या पाठीवर तार जोडायचं एकच टोक असेल तर अर्थ (विजेची परतीची, निगेटिव्हची वाट) त्याच्या आट्यांतून, म्हणजे केसिंगमधून जाते. दोन टोकं असतील तर अर्थची तार वेगळी ओढता येते. खारी हवा, गंज आणि चिखल बघता इथे दोन टोकांचा सेन्सर घेणं चांगलं. बारीक तांब्याच्या नळीचे जुने यांत्रिक काटे मात्र घेऊ नका. केबिन पुढे झुकवली की ती नळी दुमडते, आणि एकदा दुमडली की काटा कायमचा मेला.

बाकी सामान: कथिल चढवलेली 1 चौरस मिमी तार, दोन टोकांच्या सेन्सरला 12 ते 14 मीटर, 3 अँपिअरचा फ्यूज त्याच्या होल्डरसकट, आत गोंद असलेली आकुंचन पावणारी नळी, कापलेला कोरुगेटेड पाइप, केबल टाय, तांब्याचे नवे वॉशर, ऑइलला टिकणारं आट्यांचं लिक्विड सीलंट, आणि पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल. सिंक्रोमेश (गिअर बदलताना पितळी रिंगने वेग जुळवणाऱ्या) गिअरबॉक्सला जीएल-4 दर्जाचं ऑइल सांगितलं असेल तर जीएल-5 टाकू नका. त्यातली जास्तीची गंधकयुक्त द्रव्यं सिंक्रो रिंगच्या पितळेला मारक ठरू शकतात.

सेन्सरची जागा

नियम एकच: सेन्सरचं टोक कायम ऑइलमध्ये बुडालेलं हवं, गाडी चढावर असतानासुद्धा. हवेत राहिलेलं टोक ऑइलच्या वाफेचं तापमान दाखवतं. ते हळू बदलतं आणि कमी असतं.

ऑइलची पातळी म्हणजे भरण्याच्या प्लगच्या छिद्राची खालची कड. म्हणून त्याच छिद्रात सेन्सर बसवण्यात अर्थ नाही, तो अर्धा वर राहतो. शिवाय पातळी तपासायची सोयही जाते. गाडी चढताना ऑइल मागे सरकतं, त्यामुळे पुढच्या बाजूची उंच जागा घाटात कोरडी पडते. खालची, मध्याकडची किंवा मागची जागा शोधा.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे कंपनीनेच ठेवलेलं आणि प्लग लावलेलं छिद्र. पुष्कळ गिअरबॉक्सना बाजूला असा एखादा प्लग असतो. तो पातळीच्या खाली आहे ना, आणि आत गिअर किती जवळ आहे, एवढं बघून घ्या.

तो नसेल तर पीटीओची, म्हणजे गिअरबॉक्समधून पंपाला ताकद देणाऱ्या जोडणीची, रिकामी खिडकी. टिप्परची बॉडी उचलणारा पंप पीटीओवर चालतो. काही गिअरबॉक्सना पीटीओसाठी दोन खिडक्या असतात. एकीवर पीटीओ बसतो, दुसरीवर जाड पत्र्याचं झाकण असतं. ते झाकण काढून बाहेर काम करता येतं, केसिंगला हात लावावा लागत नाही. पीटीओ मात्र उघडू नका. त्याच्या पॅकिंगच्या जाडीवर दातांमधली फट ठरते. पॅकिंग पातळ झालं तर दात घासतात, जाड झालं तर पीटीओ खडखडतो.

झाकणाचा पत्रा 6 ते 8 मिमीचा असतो, तेवढ्यात पुरेसे आटे बसत नाहीत. म्हणून पोलादी बुश लेथवर करून घ्या, झाकणाला छिद्र पाडून बाहेरून वेल्ड करा. वेल्डिंग झाकण सुटं असतानाच करायचं. गाडीवर वेल्डिंग केलं तर ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) आणि अल्टरनेटर दोन्ही धोक्यात येतात. वेल्डने झाकण थोडं वाकतं. काचेवर एमरी पेपर ठेवून त्यावर झाकण घासा. चमक सगळीकडे सारखी दिसेपर्यंत घासायचं, नाहीतर पॅकिंग कितीही चांगलं असलं तरी ऑइल झिरपणारच. नंतर वेल्डचे कण आणि एमरीचा चुरा डिझेलने धुऊन काढा. आत पडलेला एक कणही बेअरिंगला पुरतो.

झाकण लावण्याआधी खिडकीतून आतलं अंतर मोजा. पॅकिंगच्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवून तिथून गिअरच्या दातापर्यंतची खोली घ्या. गिअर एक पूर्ण फेरा फिरवून सगळ्यात उंच दात धरा. खोलीतून सेन्सरचं आत येणारं टोक वजा केल्यावर किमान 10 मिमी उरलं पाहिजे. उरत नसेल तर बुश लांब करा किंवा आखूड टोकाचा सेन्सर घ्या.

तिसरा मार्ग ड्रेन प्लगचा. तो सोपा आहे म्हणून सगळे तोच करतात, पण खाणीवर चालणाऱ्या गाडीला आम्ही तो सुचवत नाही. ड्रेन प्लग सगळ्यात खाली. त्याच्याही खाली सेन्सरचं डोकं आणि तार लोंबते. चिऱ्याचा एखादा दगड किंवा रस्त्याची उंच कड लागली की सेन्सर तुटतो, आणि भर घाटात गिअरबॉक्स रिकामा होतो. दुसरी अडचण चुंबकाची. बऱ्याच ड्रेन प्लगला आतून चुंबक असतो, तो लोखंडाचा कीस धरून ठेवतो. प्लगला आरपार भोक पाडलं की चुंबक जातो आणि कीस ऑइलबरोबर फिरत राहतो. हाच मार्ग घ्यायचा असेल तर मूळ प्लग जपून ठेवा, दुसऱ्या प्लगवर काम करा, भरणीच्या प्लगला चुंबक बसतो का बघा, आणि सेन्सरभोवती पोलादी कडं बसवून घ्या.

केसिंगच्या अॅल्युमिनियमला ड्रिल मारून नवं छिद्र पाडू नका. भिंत कुठे पातळ आहे ते बाहेरून दिसत नाही.

आट्यांची गफलत

बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ सेन्सरना एक अष्टमांश इंची एनपीटी (अमेरिकन पाइपचे) आटे असतात: इंचाला 27, कोन 60 अंशांचा. आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारी पाइपची फिटिंगं बहुतेक बीएसपी (ब्रिटिश मापाची) असतात: त्याच मापात इंचाला 28 आटे, कोन 55 अंश. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. दोन-तीन फेरे हाताने सहज जातात, मग अडतात. तिथे पाना लावून जोर केला की बुशचे आटे फाटतात आणि गळती कायमची राहते. लेथवाल्याकडे नुसता कागद नेऊ नका, सेन्सर हातात द्या, आणि टॅप एनपीटीचाच मारतोय ना ते डोळ्यांनी बघा. मापाच्या कंगव्याने आटे मोजले की शंका राहत नाही.

एनपीटीचे आटे निमुळते असतात, ते आट्यांतच आवळून सील होतात, त्यांना वॉशर लागत नाही. हाताने घट्ट झाल्यावर पोलादी बुशमध्ये एक ते दीड फेरा पुरे. एम14 सारख्या सरळ आट्यांच्या सेन्सरला तांब्याचा नवा वॉशर हवाच. जुना वॉशर एकदा दबलेला असतो, तो परत नीट सील करत नाही.

टेफलॉन टेपचा मोह टाळा. एका टोकाच्या सेन्सरची अर्थ आट्यांतूनच जाते. टेपचे चार वेढे दिले की मध्ये प्रतिकार येतो, काटा कमी अंश दाखवतो. टेपचा तुकडा सुटून आतही जाऊ शकतो. सीलंटचा पातळ हात द्या, पुढचे दोन आटे कोरडे ठेवा.

बसवणी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना पुढूनमागून लाकडी ठोकळे लावून. टिप्परची बॉडी उचलावी लागली तर आधाराचा खांब लावल्याशिवाय खाली कोणीही जाऊ नये. नुसत्या हायड्रॉलिकवर भरवसा ठेवून माणसं दगावली आहेत. केबिन झुकवली असेल तर तिचा लॉक पूर्ण बसला आहे ना ते बघा.

बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधी काढा. ऑइल कोमट असताना, म्हणजे हात सोसेल इतपत, रिकाम्या 20 लिटरच्या कॅनमध्ये काढा. गार ऑइल नीट उतरत नाही, उकळतं ऑइल हात भाजतं. काढलेलं ऑइल ओहोळात किंवा कुळागराच्या पाटात सोडू नका. ते वापरलेलं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या. ऑइलमध्ये चकाकणारे पितळी कण दिसले तर काटा बसवण्याआधी सिंक्रो रिंगकडे लक्ष द्या.

सेन्सर किंवा झाकण बसवा, बोल्ट आडवे-तिडवे आवळा, सांगितलेल्या टॉर्कवर. मग भरणीच्या छिद्राच्या कडेपर्यंत ऑइल भरा, थोडं बाहेर ओघळलं की थांबा.

तार ओढताना तीन ठिकाणी चुका होतात. गिअरबॉक्स रबरी पॅडवर हलतो, म्हणून सेन्सरजवळ 10-15 सेंमीचा सैल वळसा ठेवा. ताणलेली तार महिन्याभरात टोकाशी तुटते. सायलेन्सर, टर्बोचा पाइप आणि प्रोपेलर शाफ्ट यांपासून किमान एक वीत लांब राहा. आणि केबिन झुकते त्या बिजागराजवळ कंपनीची मूळ वायरिंग जशी वळते तशीच, तिच्याबरोबर बांधून, तेवढाच ढिलेपणा ठेवून न्या. बांधून झाल्यावर केबिन पूर्ण झुकवून तार ताणत किंवा चिमटत नाही ना ते बघा. केबिनच्या पत्र्यातून तार नेताना रबरी ग्रोमेट हवाच.

वरती काट्याला चार तारा: स्विच चालू केल्यावर वीज येते अशी तार, फ्यूजमधून, अर्थ, सेन्सर, आणि पार्किंग लाइटवरून काट्याच्या दिव्याची. ईसीयूच्या कुठल्याही तारेला चिमटा लावून वीज घेऊ नका, फ्यूजबॉक्समधली मोकळी जागा वापरा. दोन टोकांच्या सेन्सरची अर्थ काट्याच्याच अर्थला जोडा. काटा साधारणपणे 52 मिमीचा असतो. ड्रायव्हरची नजर रस्त्यावरून फार न हलता पडेल, पण आरसा झाकणार नाही अशा जागी बसवा.

प्रत्येक जोड क्रिंप करून, गोंदवाल्या नळीत बंद करा. नुसती इन्सुलेशन टेप इथल्या एका पावसाळ्यातही टिकत नाही. मुरगाव बंदराकडे किंवा किनाऱ्यालगत रोज जाणाऱ्या गाडीच्या टर्मिनलवर व्हॅसलिनचा हात द्या. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप सेन्सरवर थेट धरू नका, म्हणून आधीच सांगून ठेवा.

काटा खरं बोलतो का

सेन्सर गिअरबॉक्सला बसवण्याआधीच त्याची परीक्षा घ्या. दोन टोकांना तारा जोडा, काटा चालू करा, सेन्सरचं टोक उकळत्या पाण्यात बुडवा. एका टोकाचा असेल तर त्याच्या षटकोनी डोक्याला अर्थची तार धरा. किनारपट्टीवर पाणी जवळजवळ 100 अंशांना उकळतं, त्यामुळे काट्याने 100 च्या आसपास दाखवलं पाहिजे. पाच अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर जोडी जुळत नाही.

बसवल्यावर स्विच चालू करूनही काटा अगदी तळाशी पडून राहिला आणि गाडी गरम होऊनही हलला नाही, तर सेन्सरची तार तुटली आहे. लगेच शेवटाला जाऊन आदळला तर तीच तार कुठेतरी बॉडीला लागली आहे. हेडलाइट लावल्यावर काटा सरकला तर काट्याची अर्थ कच्ची आहे. इंजिन सुरू असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून गिअरबॉक्सच्या केसिंगपर्यंत मल्टीमीटर लावा. 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनचा अर्थ पट्टा काढून घासा.

पहिल्या फेरीनंतर जोडाभोवती खडूची पूड मारा, ऑइल झिरपत असेल तर तिथे काळं होतं. झाकणाचे बोल्ट 100 किलोमीटरनंतर एकदा तपासा. निमुळत्या आट्यांचा सेन्सर गळत नसेल तर त्याला परत हात लावू नका.

आकडे कसे वाचायचे

गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनच्या पाण्यासारखं पटकन तापत नाही. घाट अर्धा चढेपर्यंत काटा शांत असतो आणि माथ्यावर पोहोचल्यावरही थोडा चढत राहतो. म्हणून पायथ्याशी बघून निष्कर्ष काढू नका. पहिले पंधरा दिवस वहीत लिहा: कुठला रस्ता, माल किती, बाहेर ऊन की पाऊस, काटा जास्तीत जास्त कुठे गेला. 80 ते 100 मध्ये राहिला तर ठीक. 110 ला गिअर बदलून इंजिनवरचा ताण कमी करा. 120 ओलांडले तर जागा बघून थांबा, इंजिन लगेच बंद न करता न्यूट्रलमध्ये हळू चालू ठेवा म्हणजे आत ऑइल फिरत राहील, आणि कारण शोधा.

कुठल्याही ठराविक आकड्यापेक्षा त्या गाडीची स्वतःची सवय महत्त्वाची. रोज त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मालावर 92 ला थांबणारा काटा एके दिवशी 107 दाखवू लागला, तर तो 120 च्या खाली आहे म्हणून सोडून देऊ नका. ऑइल गळत असेल, बेअरिंग जात असेल, किंवा पीटीओ चुकून लागलेला राहिला असेल.

उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय असेल तर आजच मोडा. इंजिन बंद म्हणजे हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर बंद. आणि ऑइल उडवणारा काउंटर शाफ्ट थांबल्याने मेन शाफ्टला ऑइल मिळत नाही, पण चाकांमुळे तो फिरतच असतो. असा कोरडा घासलेला गिअरबॉक्स काट्यावर दिसतही नाही, कारण ऑइल गारच असतं.

ऑटोमॅटिक पिकअप असेल तर

इथे उष्णता मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, तयार होते. पावसाळ्याआधी बोट रॅम्पवरून वर ओढताना कन्व्हर्टर घसरतो आणि ऑइल काही मिनिटांतच तापतं. आधी ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) लावून बघा. पुष्कळ गाड्यांत तापमान तिथूनच वाचता येतं, मग काही कापायची गरजच नाही.

ते मिळत नसेल तर सेन्सर पॅनमध्ये किंवा कूलरकडे जाणाऱ्या गरम नळीत टी जोडून बसवा. कुठली नळी गरम ते थंड गाडी सुरू करून लेझर थर्मामीटरने ओळखा, आधी तापते ती. परतीच्या नळीत बसवला तर थंड झालेलं ऑइल मोजलं जातं. गरम नळीतला काटा झटपट वर-खाली होतो, पॅनमधला संथ असतो. पॅनमध्ये 80 ते 95 रोजचं, 110 ला सावध, 120 ला थांबा. रबरी नळीत टी बसवताना टोकाला उठावाची कड असलेलाच टी घ्या, गुळगुळीत टोकावरून नळी दाबाने निसटते. काम झाल्यावर ऑइलची पातळी गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या तापमानालाच तपासा. थंड गाडीवर पूर्ण भरलेलं ऑइल गरम झाल्यावर फुगतं आणि फेस धरतं.